खहर राशी आणि अनंत अच्युत : भास्कराचार्यांच्या गणितातील श्रद्धेचे स्थान

प्राचीन मराठी कोरीव लेखांचा परामर्श घेताना पाटण येथील शिलालेखाचा उल्लेख आपण हटकून करतो. चाळीसगावजवळच्या पाटण गावी भवानीच्या देवळातील हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली अभ्यासकांच्या नजरेस आणला. पुढे कीलहॉर्न यांनी तो 'एपिग्राफिया इंडिका'च्या पहिल्या खंडात संपादून प्रसिद्ध केला आणि डॉ. शं. गो. तुळपुळे यांच्या 'प्राचीन मराठी कोरीव लेख' (१९६३) या ग्रंथामुळे तो मराठीच्या पदव्युत्तर वर्गापर्यंत पोचला. लेखाचा बहुतेक भाग संस्कृतात आहे. अखेरचा थोडा भाग मराठीत आहे. आपण शिकवतो तो हा अखेरचा भाग. त्यातील विभक्तिप्रत्यय, भूतकाळाची रूपे, 'मढ' या शब्दाची व्युत्पत्ती एवढे फळ्यावर लिहून झाले की तास संपतो. संस्कृत भाग इतिहासाच्या प्राध्यापकांचा आणि ज्या विषयासाठी हा सारा खटाटोप झाला तो विषय गणित विभागाचा, अशी वाटणी आपण निमूटपणे मान्य केलेली आहे. प्रस्तुत लेखकानेही अनेक वर्षे हेच केले, हे आधी कबूल केलेले बरे.

वस्तुतः हा लेख एका ग्रंथकाराच्या अध्ययनपरंपरेचा दानलेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी. आजोबांचे 'सिद्धान्तशिरोमणी'आदी ग्रंथ आणि घराण्यातील इतरांचे ग्रंथ यांचे अध्यापन अखंड चालावे म्हणून त्याने पाटणला मठ स्थापला, आणि यादवांचा मांडलिक निकुंभवंशीय सोइदेव याने त्या मठाला उत्पन्न लावून दिले. लेखात त्रिविक्रमापासून चांगदेवापर्यंतची वंशावळ आहे. भास्कराचार्यांचा पुत्र लक्ष्मीधर याची योग्यता ओळखून जैत्रपालाने त्याला या गावातून नेऊन पंडितांमध्ये अग्रस्थान दिले, अशी नोंद आहे. (हा चांगदेव आणि ज्यांना उद्देशून 'चांगदेवपासष्टी' लिहिली गेली ते योगी चांगदेव यांची गल्लत परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत दरवर्षी आढळते. दोघांचा काही संबंध नाही.)

मराठी भागात जे आहे ते अगदी व्यवहाराचे आहे. पेठेत विक्रीला उघडल्या जाणाऱ्या मालावर ग्राहकाकडून राजाला मिळणारे उत्पन्न मठाला दिले आहे. चालत्या घाण्यांमागे पळी पळी तेल आहे, पोफळांचा वाटा आहे. आणि एक तरतूद अशी की, गावात जे काही मापायचे ते मठाच्या मापाने मापावे. ज्या मठात त्रैराशिक आणि कुट्टक शिकवले जायचे, त्याच मठाचे माप बाजारात धान्यासाठी प्रमाण धरले जावे, ही गोष्ट मला नेहमीच मौजेची वाटत आली आहे.

परंतु या लेखाचा विषय दुसऱ्याच एका तपशिलाने सुचला. हे दान केव्हा दिले? लेखात शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावण पौर्णिमा आणि चंद्रग्रहणाची वेळ असा स्पष्ट उल्लेख आहे. अभ्यासकांनी ही तिथी १२०७ च्या ऑगस्टमधील ग्रहणाशी जुळवलेली आहे. म्हणजे, ग्रहण हे भूच्छायेमुळे होते आणि त्याची वेळ गणिताने आधी काढता येते, हे ज्या ग्रंथात सविस्तर सांगितले आहे, त्या ग्रंथाच्या अध्यापनासाठीचे दान ग्रहणाच्या पर्वकाळी पुण्य अधिक लाभते या श्रद्धेने दिले गेले. दात्याला आणि मठाधिपतीला यात विसंगती वाटली नाही. आपल्याला का वाटते, आणि ती वाटावी की नाही, हा प्रश्न सोडवण्यासारखा आहे.

या प्रश्नाची दोन तयार उत्तरे आपल्याकडे प्रचलित आहेत. पहिले असे की, भारतीय गणित हे अध्यात्माचेच अपत्य आहे. बौद्धांच्या शून्यतेतून शून्य हा अंक निघाला, उपनिषदांतील पूर्णाच्या कल्पनेतून अनंताचे गणित निघाले. दुसरे असे की, जुन्या गणितग्रंथांतील देवदेवतांचे उल्लेख हा केवळ काळाचा संकेत आहे, तो सोलून टाकला की आत शुद्ध विज्ञान उरते. काही वर्षांपूर्वी एका प्रबंधिकेचे परीक्षण करताना पहिल्या मताचा विस्तार शंभर पाने वाचावा लागला. विद्यार्थिनी अभ्यासू होती. संतवाङ्मयातील 'शून्य' शब्दाचे उल्लेख तिने परिश्रमपूर्वक गोळा केले होते आणि त्या सर्वांवरून मराठी संतांना 'शून्याचे गणित अवगत होते' असा निष्कर्ष काढला होता. मौखिक परीक्षेत मी तिला विचारले, "या उल्लेखांपैकी एका तरी ठिकाणी शून्याने गुणले आहे का, शून्य मिळवले आहे का?" ती गप्प राहिली. त्या वेळी मला माझा प्रश्न बिनतोड वाटला होता. नंतर ध्यानात आले की, तिला खोडून काढण्यापलीकडे मलाही त्या दोहोंच्या संबंधाविषयी सांगण्यासारखे काही नव्हते. त्या मौखिक परीक्षेचे ऋण हा लेख फेडू पाहत आहे.

प्रथम शून्याच्या उगमाविषयी. साहित्याच्या अभ्यासकांना जवळची अशी एक गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. भारतीय ग्रंथांत गणनेच्या संदर्भात 'शून्य' या शब्दाचा फार जुना वापर आढळतो तो पिंगलाच्या छंदःसूत्रात. ठरावीक अक्षरसंख्येच्या चरणात लघु-गुरूंचे एकंदर किती प्रकार संभवतात हे काढण्याची रीत सांगताना, संख्या निम्मी करता आली तर एक खूण आणि न आल्यास तीतून एक वजा करून दुसरी खूण मांडावी, असे पिंगल सांगतो. त्यातली एक खूण शून्य आहे. ही खूण म्हणजे अजून पूर्ण अर्थाने संख्या नव्हे. पण ती वृत्तमोजणीच्या खटपटीत अवतरते, ध्यानधारणेत नाही. शून्याला संख्येचा दर्जा देऊन त्याची बेरीज, वजाबाकी, गुणाकार यांचे नियम ब्रह्मगुप्ताने ६२८ साली 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त घालून दिले. भागाकाराशी मात्र तो अडखळला. शून्याला शून्याने भागले तर शून्य, आणि इतर संख्येला भागले तर शून्य हाच छेद असलेली राशी, एवढे सांगून तो थांबतो.

यानंतरचा टप्पा आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्याने 'गणितसारसंग्रह' लिहिला. महावीराचार्य जैन होता. अनंताचा विचार जितक्या बारकाईने जैन परंपरेने केला तितका क्वचितच कोणी केला असेल. संख्यात, असंख्यात आणि अनंत असे संख्यांचे वर्ग आणि त्यांचेही पोटभेद जैन आगमग्रंथांत सांगितलेले आहेत. धर्मश्रद्धेतून गणित निपजते हे मत खरे असते, तर शून्याने भागल्यावर अनंत मिळते हा विचार सर्वप्रथम महावीराचार्याला सुचायला हवा होता. पण तो म्हणतो, शून्याने भागले असता संख्या अविकृत राहते, जशीच्या तशी! भाग कोणी घेतलाच नाही तर वाटायचे ते शिल्लकच राहणार, असा काहीसा व्यवहारी विचार यामागे असावा. कसेही असो, घरात अनंताचे एवढे भांडार असताना त्याने त्यातले काही या ठिकाणी वापरले नाही.

वापरले ते भास्कराचार्यांनी. शके १०३६ मध्ये, म्हणजे १११४ साली, जन्मलेल्या या आचार्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी 'सिद्धान्तशिरोमणी' रचला. 'बीजगणित' हा त्याचाच भाग मानला जातो. त्यात शून्याच्या परिकर्मांचे नियम सांगून झाल्यावर ते तिनाला शून्याने भागण्याचे उदाहरण घेतात. उत्तर येते ते अंशस्थानी तीन आणि छेदस्थानी शून्य असे. या राशीला ते 'खहर' म्हणतात. 'ख' म्हणजे आकाश, अर्थात शून्य. 'हर' म्हणजे छेद. ही राशी अनंत आहे एवढे सांगून ते थांबत नाहीत. एक श्लोक रचतात. त्याचा आशय असा : प्रलयकाळी आणि सृष्टिकाळी असंख्य भूतगण आत शिरले किंवा बाहेर पडले, तरी त्या अनंत अच्युताच्या ठायी जसा काही बदल होत नाही, तसाच या खहर राशीत कितीही मिळवले किंवा तीतून कितीही वजा केले तरी विकार होत नाही.

गणिताच्या इतिहासकारांनी हा श्लोक पुष्कळदा उद्धृत केला आहे. पण तो काव्य म्हणून कोणी फारसा वाचलेला नाही, आणि ते काम आपले आहे. ही पूर्णोपमा आहे. खहर राशी हे उपमेय, विष्णू हे उपमान आणि अविकार हा साधारण धर्म. मात्र श्लोकाचे खरे बळ उपमानाच्या निवडलेल्या नामांत आहे. विष्णूला सहस्र नामे. त्यांतून केशव, माधव, गोविंद असे कोणतेही नाव वृत्तात बसवता आले असते. आचार्यांनी दोनच घेतली : 'अनंत' आणि 'अच्युत'. अनंत म्हणजे ज्याला अंत नाही तो. अच्युत म्हणजे जो आपल्या स्थानापासून ढळत नाही तो. खहर राशीचेही नेमके दोनच गुण सांगायचे आहेत : तिला मर्यादा नाही आणि ती बदलत नाही. विशेष्य पदच साभिप्राय योजले जाते तेव्हा आलंकारिक त्याला 'परिकरांकुर' म्हणतात. त्याचे इतके काटेकोर उदाहरण साहित्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतही सहसा मिळणार नाही. येथे देवाची नावे ही त्या राशीची व्याख्याच होऊन बसली आहेत.

आता प्रश्न असा की, खहर राशी बदलत नाही हे आचार्यांना कशावरून कळले? विष्णू बदलत नाही म्हणून? तसे नाही. अपूर्णांकांच्या बेरजेचा साधा नियम लावून पाहावा. छेद शून्य आणि अंश तीन अशा राशीत पाच मिळवायचे आहेत. समच्छेद करण्यासाठी पाचाला शून्याने गुणावे लागेल, गुणाकार शून्य. ते शून्य तिनात मिळवले की अंश पुन्हा तीनच, छेद पुन्हा शून्यच. राशी जिथल्या तिथे. पाचाऐवजी पाच कोटी घेतले तरी हेच. अविकाराचा नियम असा गणिताच्या आतूनच आलेला आहे. उपमा त्याच्या मागाहून येते. उपमान काढून घेतले तरी नियम उभा राहतो.

मग श्लोकाचे काम काय? केवळ शोभा, असे म्हणणारा दुसरा पक्ष येथे पुढे सरसावेल. मला ते पटत नाही. मिळवले की वाढते आणि काढले की घटते हा मनुष्याचा जन्मजात अनुभव आहे. लहान मूलदेखील खाऊच्या बाबतीत तो जाणते. समच्छेदाची रीत त्या अनुभवाला छेद देणारे उत्तर देते, तेव्हा विद्यार्थ्याच्या मनात पहिली शंका येते ती रीतच चुकली अशी. अशा वेळी आचार्य त्याला सांगतात की, अशी वस्तू असू शकते हे तू आधीच मानलेले आहेस; सृष्टी आणि प्रलय यांनी न वाढणाऱ्या व न घटणाऱ्या तत्त्वाची कथा तू लहानपणापासून ऐकत आला आहेस. नियमाची सिद्धता करण्याचे काम श्रद्धा येथे करीत नाही. असा नियम कल्पनेत सामावण्यासाठी जी जागा मनात असावी लागते, ती मात्र तिने करून ठेवलेली आहे. गणिताला हे साहाय्य लहान नाही. महावीराचार्याच्या मनात तशी जागा नव्हती असे नाही. त्या जागेचा आणि या छेदाचा संबंध त्याने जोडला नाही इतकेच.

या उपमेवाचूनही खहर समजावून देता येतो, हे सतराव्या शतकाच्या आरंभीचे टीकाकार कृष्ण दैवज्ञ यांनी दाखवले. हे घराणे मूळचे विदर्भातील पयोष्णीकाठचे; पुढे ते काशीला गेले. 'बीजगणिता'वरील 'बीजपल्लव' टीकेत ते म्हणतात की, छेद जसजसा लहान करावा तसतसे फळ वाढते; छेद परमावधीचा लहान झाला तर फळ परमावधीचे मोठे व्हावे; आणि ते अमुक इतके आहे असे सांगता आले तर ते परमावधीचे नव्हेच, कारण त्याहून मोठे सांगता येईल. दृष्टान्तासाठी ते छायेकडे वळतात. सूर्य नेमका क्षितिजावर असताना शंकूची सावली अनंत असते. शंकू आखूड घ्या की उंच, सावली अनंतच! कृष्ण दैवज्ञ काही नास्तिक नव्हते. मूळ श्लोकातल्या विष्णूशी त्यांचे भांडणही नव्हते. पण समजावण्यासाठी त्यांना अंगणातली संध्याकाळची सावली अधिक उपयोगी वाटली. वर्गात शिकवणाऱ्याला यातले मर्म कळेल.

उपमा कोठपर्यंत ताणावी याविषयी स्वतः भास्कराचार्यही सावध होते. 'लीलावती'त एक उदाहरण आहे. एका संख्येला शून्याने गुणले, त्यात त्याचेच निम्मे मिळवले, आलेल्याला तिनाने गुणले आणि शून्याने भागले तर त्रेसष्ट येतात; ती संख्या कोणती? उत्तर चौदा. चौदा आणि त्याचे निम्मे सात मिळून एकवीस, त्याची तिप्पट त्रेसष्ट. शून्याचा गुणक आणि शून्याचा भाजक परस्परांना छेदून गेले. याकरिता आचार्यांनी नियमच केला आहे की, पुढे आणखी क्रिया व्हायची असेल तर शून्याने गुणलेल्या संख्येला लगेच शून्य न म्हणता 'खगुण' म्हणून तशीच राखून ठेवावी. या गणिताचा ग्रहगणितात मोठा उपयोग आहे, असेही ते बजावतात. आता उपमेला शब्दशः धरून चालणाऱ्याने येथे काय करावे? ज्यात सर्व भूते विलीन होतात आणि भेद उरत नाही अशा तत्त्वातून चौदा हा विशिष्ट आकडा परत कसा मिळणार? शून्यात गेलेली संख्या आपली ओळख जपून आहे असे गृहीत धरल्यावाचून हे उदाहरण सुटत नाही. आधुनिक वाचकाला यात सीमेच्या कल्पनेची चाहूल लागते. आजचे गणित शून्याने भागण्याची क्रिया अव्याख्येय मानून बाजूला ठेवते, हेही येथे सांगितले पाहिजे. आपल्यापुरता मुद्दा एवढाच की, आकडेमोडीला जिथे गरज पडली तिथे आचार्यांनी अच्युताचा दृष्टान्त मागे ठेवला.

'बीजगणिता'च्या मंगलश्लोकातही असाच दुहेरी व्यवहार आहे. अव्यक्त, बीज, बुद्धी, सत्पुरुष आणि सांख्य या पाच शब्दांवर तो संपूर्ण श्लोक तोलून धरलेला आहे. सांख्यदर्शनाच्या बाजूने वाचला तर व्यक्त जगाचे बीज असलेल्या अव्यक्त प्रधानाचे वंदन, गणिताच्या बाजूने वाचला तर अज्ञात राशीच्या गणिताचे वंदन. 'सांख्य' म्हणजे दार्शनिकही आणि संख्या जाणणारेही. एकनाथी किंवा मुक्तेश्वरी श्लेष शिकवताना हे उदाहरण जोडीला घेण्यासारखे आहे.

ग्रहणाच्या प्रश्नावर मात्र श्लेषाने भागण्यासारखे नव्हते. एकीकडे चंद्र भूच्छायेत शिरतो हे गणित. दुसरीकडे राहू चंद्राला ग्रासतो हे श्रुतिस्मृतिपुराणांचे वचन. 'गोलाध्याया'त भास्कराचार्यांनी बौद्धांच्या सतत खाली पडणाऱ्या पृथ्वीचे आणि जैनांच्या दोन सूर्यांचे खंडन निर्भीडपणे केले आहे. स्वतःच्या परंपरेशी गाठ पडल्यावर ते तडजोड करतात : ब्रह्मदेवाच्या वराने राहू त्या छायेतच प्रवेश करतो, म्हणून दोन्ही वचने खरी. ही तडजोड त्यांच्या आधीपासून चालत आलेली आहे. तिचे परीक्षण करताना आपण एक गोष्ट पाहावी. या राहूला गणितात कोणतेही काम दिलेले नाही. त्याचा व्यास मोजावा लागत नाही, गती मांडावी लागत नाही. तो छायेत राहो अथवा न राहो, ग्रहणाच्या स्पर्शमोक्षाच्या घटिका त्याच येतात. उलटपक्षी, पर्वकाळाची श्रद्धा नसती तर त्या घटिका काढणाऱ्याला घाण्यामागे पळीभर तेल कोण देता? श्रद्धेने गणिताला आशय फारसा दिला नाही, पोटाला दिले आणि प्रश्न दिले. वेदीच्या आकारासाठी शुल्बसूत्रांतील भूमिती जन्मली ती याच वाटेने. सूत्रांच्या रचनेला वेदाचा अधिकार चिकटवून अंकगणिताच्या युक्त्या प्रसृत करणे हा यापेक्षा अगदी निराळा प्रकार आहे. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या 'वैदिक गणित' या ग्रंथातील सूत्रे अथर्ववेदाच्या कोणत्याही ज्ञात परिशिष्टात सापडत नाहीत, हे त्या ग्रंथाच्या संपादकांनीच प्रास्ताविकात नोंदवून ठेवले आहे. लीलावतीच्या वैधव्याची आणि घटिकापात्रात पडलेल्या मोत्याची कथाही अशीच मागाहून आलेली. ती भास्कराचार्यांच्या ग्रंथांत नाही. फैजीने १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतरात ती भेटते. तरी आपली मुले भास्कराचार्यांविषयी तेवढेच जाणतात.

पाटणच्या दानानंतर त्र्याऐंशी वर्षांनी, शके १२१२ मध्ये, याच यादवराज्यात 'ज्ञानेश्वरी' सिद्ध झाली. भास्कराचार्यांच्या शून्याचा ज्ञानदेवांच्या शून्याशी काही संबंध आहे काय? माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न हाच होता. ज्ञानदेवांच्या ठायी हा शब्द नाथपंथीय योगमार्गातून आणि दार्शनिक वादातून येतो. 'अमृतानुभवा'त शून्यवादाचे जे निरसन आहे त्यातला दृष्टान्त पाहावा : दिवा मालवणारा दिव्याबरोबरच मालवला, तर दिवा नाही हे कळले कोणाला? सर्वाचा निषेध करणारा तरी उरलाच पाहिजे, असा हा युक्तिवाद आहे. येथे शून्य म्हणजे काहीच नसणे आणि वाद आहे तो तसे काही असू शकते का याविषयी. गणितातल्या शून्याला या वादाचे सोयरसुतक नाही. ते मिळवता येते, त्याने गुणता येते, स्थानावर मांडले तर एकाचे दहा होतात. शब्द एक, पण एके ठिकाणी तो प्रतिज्ञेचा विषय आहे आणि दुसरीकडे क्रियेचे साधन. म्हणून शब्दसूची करून संबंध सिद्ध होत नाही. संबंध शोधायचा तर जिथे मोजणी चालू आहे तिथे शोधावा लागेल.

तसे एक स्थळ आहे. 'लीलावती'त देवपूजेची उदाहरणे ठिकठिकाणी येतात. कमळांच्या राशीचा तिसरा हिस्सा शंकराला, पाचवा विष्णूला, सहावा सूर्याला, चौथा देवीला वाहिला आणि उरलेल्या सहा कमळांनी गुरूचे चरण पूजिले, तर कमळे किती? एकशे वीस. हे झाले साधे उदाहरण. देवांऐवजी दुकानदार घातले तरी चालेल. ग्रंथाच्या अखेरीस अंकपाशाच्या प्रकरणात जे येते ते मात्र तसे बदलता येणार नाही. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा आणि पद्म यांची अदलाबदल केली असता मूर्तीचे भेद किती होतात, असे आचार्य विचारतात. एक, दोन, तीन आणि चार यांचा गुणाकार : चोवीस. ही चोवीस संख्या ऐकताच संध्येतल्या आचमनाची आठवण होते. केशव, नारायण, माधव येथपासून हरी, कृष्ण येथपर्यंतची चोवीस नामे, आणि मूर्तिशास्त्रातल्या चतुर्विंशती मूर्ती. या मूर्तींमध्ये फरक असतो तो आयुधांच्या क्रमाचाच. कोणत्या नावाला कोणता क्रम याबाबत अग्निपुराण आणि पद्मपुराण यांच्या याद्यांत मतभेद आहेत; पण क्रम एकंदर चोवीसच असावेत याविषयी वाद संभवत नाही, कारण पंचविसावा क्रम अस्तित्वातच नाही. येथे श्रद्धेने जी संख्या धरली तीच गणिताने येते.

आणि लगेच पुढच्या पावलाला दोघांची वाट वेगळी होते. त्याच उदाहरणात आचार्य दशभुज शंभूच्या दहा हातांतील पाश, अंकुश, सर्प, डमरू आदी दहा आयुधांची अदलाबदल करायला सांगतात. उत्तर ३६,२८,८००. एवढ्या शिवमूर्ती कोणा शिल्पकाराने घडवल्या नाहीत, कोणा उपासकाने त्यांना नावे दिली नाहीत. विष्णूच्या बाबतीत जो नियम मंदिराच्या कोनाड्यांत मावला, तो शिवाच्या बाबतीत हातभर जाताच धर्माच्या गरजेपलीकडे निघून गेला. आचार्यांना त्याचे काही वाटत नाही. ते उत्तर लिहून पुढच्या उदाहरणाकडे वळतात.

आता मराठी संतांकडे वळू. पंढरीचा विठ्ठल हा चोविसांवेगळा आहे, असे वारकरी संतांनी आवर्जून सांगितले आहे, आणि डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) या ग्रंथात विठ्ठलाच्या वैष्णवीकरणाची चर्चा करताना या संतोक्तीचे महत्त्व दाखवले आहे. चोवीस मूर्तींत विठ्ठल नाही, विष्णूच्या सहस्रनामांतही नाही. या वचनाकडे आपण आजवर भक्ताचे कौतुकोद्गार म्हणून पाहत आलो. अंकपाशाच्या प्रकाशात त्याला निराळे वजन येते. चोवीस ही संख्या केवळ रूढ असती, तर 'आणखी एक पंचविसावा' म्हणून विठ्ठलाला शेवटी बसवता आले असते. पण चार हात आणि चार आयुधे यांचे सगळे क्रम चोविसांत संपतात, यादी पूर्ण आहे, तीत कोणाला जागा करून देता येत नाही. संतांनी विठ्ठलाला यादी लांबवून आत घेतले नाही. तिच्या बाहेर उभे केले. यादी पूर्ण असल्याचे भान नसते तर 'वेगळा' या शब्दात एवढा जोर आला नसता. हे भान त्यांना 'लीलावती'तून आले असे माझे म्हणणे मुळीच नाही. ते मूर्तिपरंपरेतून आले. पण मूर्तिपरंपरेच्या पोटात ती मोजणी होतीच.

गेल्या वर्षी द्वितीय वर्षाच्या वर्गात हे सांगत असताना, पदवीला गणित घेऊन मराठीकडे आलेल्या एका विद्यार्थ्याने हात वर केला. "सर, विठ्ठलाला दोन हात. चार आयुधांतली दोन त्या दोन हातांत धरायची, तर चोक तीन बारा प्रकार होतात. मूर्तीच्या हातांत शंख आणि कमळ असल्याचे आपण वाचले. म्हणजे तो बारांपैकी एक झाला." हिशेब बिनचूक होता. मी फळ्यावर बारा लिहिले. त्याच्या मागच्या बाकावर दर आषाढीला दिंडीबरोबर चालत जाणारी एक विद्यार्थिनी बसली होती. ती म्हणाली, "पण सर, त्याचे हात कमरेवर आहेत." तास संपल्याची घंटा झाली तेव्हा दोघेही आपापल्या जागी ठाम होते, आणि फळ्यावरचे बारा मी पुसले नाहीत.